लिस्बनची सकाळ आणि देवाचा न्याय

दिवाळी अंकासाठी मी भूकंपाचा विषय घेतो आहे असे कळल्यावर आमच्या घरात नापसंतीची कुजबुज झाली. सणासुदीचे दिवस, लोक चिवड्याची बशी पुढे घेऊन वाचायला बसणार, आणि हा गृहस्थ त्यांना पडकी घरे दाखवणार! आक्षेप खोटा नाही. पण ज्या भूकंपाविषयी मला लिहायचे आहे तो सणाच्याच दिवशी झाला, आणि त्या सकाळीही गावभर दिवे लावलेले होते. शिवाय या विषयाकडे मी ग्रंथांच्या वाटेने आलो नाही, घरातूनच आलो. ते आधी सांगितले पाहिजे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या भागातील माणूस विसरणार नाही. आदल्या रात्री गणपतींचे विसर्जन झाले होते. पोरे नाचून दमलेली, बायका आवरून उशिरा पाठ टेकलेल्या. चारला काही मिनिटे कमी असताना जमीन हलली आणि किल्लारीच्या आसपासची गावे झोपेतच दगडमातीखाली गेली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. आमचे गाव लांब होते, भिंतींना तडे गेले इतकेच. पण माझी आत्या किल्लारीजवळच्या एका खेड्यात दिलेली होती. तिची धाकटी मुलगी, सहा वर्षांची, माळवदाखाली सापडली.

मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होतो. वडिलांबरोबर तिकडे गेलो ते आठ दिवसांनी. त्या आठवड्यात आत्याला भेटायला येणारा प्रत्येक वडीलधारा माणूस काही ना काही कारण सांगून जात असे. कोणी म्हणे, पाप वाढले. कोणी म्हणे, मिरवणुकीत दारू पिऊन नाचले, त्याचा हा कोप. कोणी गेल्या जन्माकडे बोट दाखवी. आत्या सगळे ऐकून घेई आणि एकच म्हणे, "माझी पोर आरती म्हणता म्हणता झोपली होती."

पुढे पत्र्याच्या शेडमध्ये एक ख्रिस्ती सिस्टर येऊ लागल्या. केरळकडच्या होत्या, मराठी मोडकेतोडके. जखमा धुवायच्या, गोळ्या द्यायच्या, निघून जायचे. एके दिवशी आत्याने त्यांचा हात धरला आणि विचारले, "बाई, तुमचा देव लई दयाळू म्हणत्यात. मग माझ्या लेकरानं त्याचं काय वाईट केलं होतं?" सिस्टरने काय उत्तर दिले ते मी शेवटी सांगेन. त्या प्रश्नाने मात्र माझा पिच्छा सोडला नाही. पुढे शाळेत चित्रकला शिकवू लागलो, चार कादंबऱ्या खरडल्या, आणि जुन्या पुस्तकांच्या ढिगात एकदा एक इंग्रजी पुस्तक हाती लागले. त्यात पडलेल्या शहराची चित्रे होती. छप्पर नसलेले चर्च, आकाशाला टेकलेल्या नुसत्या कमानी, खाली माणसे मुंगीएवढी. ही चित्रे १७५७ साली पॅरिसमध्ये ल बा नावाच्या कोरक्याने तांब्यावर कोरून छापली होती. शहर होते पोर्तुगालची राजधानी लिस्बन. माझे शिक्षण शालान्त परीक्षेपुढे गेले नाही. तेव्हा शब्दकोश उशाशी घेऊन मी जे वाचले आणि मला जे उमगले तेवढेच पुढे मांडतो. तत्त्वज्ञानाच्या पंडितांनी चुका पदरात घ्याव्यात.

१ नोव्हेंबर १७५५, शनिवार. ख्रिस्ती पंचांगात तो सर्व संतांचा दिवस. लिस्बन त्या काळी युरोपातील श्रीमंत नगरांपैकी एक होते. वस्ती दोन लाखांच्या घरात. ब्राझीलचे सोने आणि हिऱ्यांची नावे ताग नदीच्या मुखाशी लागत, आणि आपल्या गोव्याकडून गेलेला मालही तिथेच उतरे. नदीकाठी राजवाडा, त्याला लागून हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरी, आणि त्याच वर्षी उघडलेले झगमगीत संगीत-नाट्यगृह. चर्चे तर इतकी की एकीची घंटा थांबण्याआधी दुसरीची सुरू व्हावी. सकाळी साडेनऊच्या पुढे सगळी चर्चे माणसांनी भरलेली होती आणि वेदीवेदीवर मेणबत्त्या तेवत होत्या.

तेवढ्यात पहिला धक्का बसला. मग दुसरा, मग तिसरा. सगळे मिळून थोड्या मिनिटांचा खेळ. दगडी घुमट प्रार्थना करणाऱ्यांच्या डोक्यावर आले. जे वाचले ते मोकळ्या जागेकडे धावले, आणि सर्वांत मोकळी जागा म्हणजे नदीचा काठ. तिथे नवा दगडी धक्का बांधला होता, त्यावर गर्दी उसळली. लोकांनी पाहिले की नदीचे पाणी मागे हटते आहे, तळ उघडा पडतो आहे, जुन्या बुडालेल्या नावांचे सांगाडे दिसत आहेत. मग समुद्र परत आला. २००४ सालच्या डिसेंबरात तामिळनाडूच्या किनाऱ्यावर काय झाले ते आपण दूरदर्शनवर पाहिले आहे. त्याहून निराळे वर्णन करण्याची गरज नाही. आणि मागे शहरात, पडलेल्या वेद्यांवरच्या त्या मेणबत्त्यांनी आणि घराघरांतल्या चुलींनी आग धरली. ती पाच-सहा दिवस जळत राहिली. सर्व संतांच्या नावाचे मोठे इस्पितळ रोग्यांसह जळाले. राजवाड्यातील ग्रंथालय गेले, चित्रे गेली, आणि हिंदुस्थानच्या व्यापाराचे दप्तरही राख झाले. गोव्याचा इतिहास लिहिणाऱ्याला आजही त्या कागदांची उणीव भासते. मेले किती, याचे अंदाज वेगवेगळे आहेत. नुसत्या लिस्बनमध्ये तीस-चाळीस हजार असा एक आकडा बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतो.

राजा आणि त्याचे कुटुंब सकाळीच शहराबाहेर गेले होते, म्हणून वाचले. पण राजा जोसे याने दगडी छपराची अशी धास्ती घेतली की उरलेले आयुष्य त्याने तंबूत आणि लाकडी वाड्यात काढले.

आता प्रश्न उभा राहिला: का? हा प्रश्न ख्रिस्ती माणसाला आपल्यापेक्षा जास्त टोचतो, असे मला वाटते. आपल्याकडे संचित आहे, प्रारब्ध आहे. या जन्मी हिशेब लागला नाही तर मागच्या किंवा पुढच्या पानावर लागेल अशी सोय आहे. ती सोय माझ्या आत्याच्या उपयोगी पडली नाही, ही गोष्ट वेगळी. ख्रिस्ती माणसाला मात्र जन्म एकच. देव एकच, तो सर्वशक्तिमान आणि पित्यासारखा प्रेमळ. तीनही गोष्टी एकदम धरायच्या आणि समोर चर्चमध्ये चिरडलेले मूल पाहायचे! देव थांबवू शकत होता पण त्याने थांबवले नाही असे म्हटले तर प्रेम जाते. त्याला थांबवता आले नाही असे म्हटले तर शक्ती जाते. हा पेच ख्रिस्ती पंडितांना पहिल्यापासून ठाऊक होता. त्यांनी तो लपवला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

सर्वांत जुने उत्तर आदाम आणि हव्वेच्या कथेत आहे. देवाने जग चांगलेच केले होते. मनुष्याने आज्ञा मोडली आणि मरण व दुःख जगात शिरले. ही कथा मराठीत पहिल्यांदा कोणी विस्ताराने सांगितली असेल तर ती फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने. तो १५७९ साली गोव्यात आला, आपली भाषा शिकला, आणि त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापले गेले. सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात करून आदिमातापित्यांचा अपराध त्याने ओव्यांत गायिला. म्हणजे जगात दुःख का, याचे ख्रिस्ती उत्तर लिस्बनच्या भूकंपाच्या जवळजवळ एकशेचाळीस वर्षे आधी आपल्याच छंदात येऊन बसले होते.

या उत्तराला शास्त्राचे रूप दिले ते संत ऑगस्टीनने. हा ३५४ साली उत्तर आफ्रिकेत जन्मला. तरुणपणी तो मानी पंथात होता. त्या पंथाचे म्हणणे असे की चांगले आणि वाईट या दोन स्वतंत्र सत्ता आहेत आणि त्या सतत झुंजत असतात. पुढे ख्रिस्ती झाल्यावर त्याने हे नाकारले. वाईट ही वस्तूच नव्हे. अंधार म्हणजे जसा प्रकाशाचा अभाव तसे वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव, आणि तो अभाव आला तो स्वतंत्र इच्छेच्या दुरुपयोगाने, असे त्याने मांडले. ४१० साली गॉथांनी रोम लुटले आणि त्यात ख्रिस्ती बायकामुलांचीही विटंबना झाली, तेव्हा लोकांनी त्यालाच विचारले, तुझा देव कुठे होता? त्यावर त्याने तेरा-चौदा वर्षे खपून 'ईश्वराचे नगर' हा ग्रंथ लिहिला. त्यात एक गोष्ट त्याने स्वच्छ मान्य केली: संकट सज्जन-दुर्जन पाहून येत नाही. आग एकच असते. तिच्यात सोने उजळते आणि गवत धुरकटते. दुःखाने माणूस कोण ते कळते. कोणावर आले यावरून काही कळत नाही. ऑगस्टीन स्वतः ४३० साली वारला तेव्हा त्याच्या गावाला व्हँडलांचा वेढा पडलेला होता. हा माणूस आरामखुर्चीत बसून लिहीत नव्हता.

त्याच्याही आधी, दुसऱ्या शतकात, लियाँचा बिशप इरेनियस याने वेगळी वाट दाखवली होती. देवाने माणूस पूर्ण करून पाठवलाच नाही. बालकासारखा अपुरा पाठवला, आणि सुखदुःखाच्या शाळेत त्याने वाढावे अशी योजना केली. मी शिक्षक असल्यामुळे हे उत्तर मला ऐकताक्षणी आवडले. पण शाळेत पहिल्याच दिवशी छत कोसळून जे मूल गेले, ते काय शिकले? इथे मी अडतो.

आणि भूकंपाच्या पंचेचाळीस वर्षे आधी, १७१० साली, जर्मन पंडित लाइब्निट्स याने या प्रश्नावर एक जाडजूड ग्रंथ काढला. त्याच्या नावासाठी त्याने देव आणि न्याय हे दोन ग्रीक शब्द जोडून एक नवा शब्दच घडवला: 'तेओदिसे', म्हणजे देवाची न्यायबाजू. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: देवापुढे अगणित जगांचे नकाशे होते, त्यातून त्याने जे निवडले ते सगळ्यांत चांगलेच असणार. चित्रातील एक काळा ठिपका जवळून पाहिला तर डाग वाटतो, मागे सरून पाहिले तर सावली ठरते. चित्रकलेचा शिक्षक म्हणून हेही मला पटते. अडचण इतकीच की लिस्बनच्या बाईला मागे सरायला जागा नव्हती; मागे नदी होती.

इतकी सामग्री घेऊन ख्रिस्ती युरोप १७५५ च्या हिवाळ्यात त्या शहराच्या राशीपुढे उभा राहिला. बहुतेकांनी हात घातला तो यांतल्या कोणत्याच सूक्ष्म उत्तराला नाही. त्यांनी सर्वांत सोपे घेतले: शिक्षा.

पण शिक्षा कशाची? इथे गंमत सुरू होते, जर गंमत म्हणता येत असेल तर. इंग्लंडमधील प्रॉटेस्टंट उपदेशकांना कारण स्पष्ट दिसले: लिस्बन म्हणजे इन्क्विझिशनचे घर, तिथे माणसे जाळली, त्याचे हे फळ. जॉन वेस्ली, मेथॉडिस्ट पंथाचा प्रवर्तक आणि एरवी मोठा दयाळू माणूस, त्यानेही त्याच वर्षी पत्रक काढून असेच सुचवले. लिस्बनमधल्या काही पाद्र्यांना नेमके उलटे दिसले: शहरात इंग्रज व्यापाऱ्यांसारखे पाखंडी राहू दिले म्हणून हे झाले. इन्क्विझिशनचा वाडा पडला, हे पहिल्या पक्षाचे प्रमाण. दुसऱ्या पक्षाला प्रमाणाची गरज वाटली नाही. आणि समुद्रापलीकडे मोरोक्कोत मेकनेस, फेझ या मुसलमान शहरांतही त्याच धक्क्याने मशिदी पडल्या होत्या; त्यांचा जमाखर्च कोणाच्या वहीत बसेना.

आपण हसू नये. १९३४ च्या जानेवारीत बिहारचा भूकंप झाला तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असे म्हटले होते, आणि रवींद्रनाथांनी त्याला जाहीर विरोध केला होता. ज्या पापाची आपल्याला मनापासून चीड येते त्याच पापासाठी देवही रागावला असेल, असे वाटणे हा मोठ्या माणसांनाही चुकत नाही असा मोह आहे.

लिस्बनमध्ये या मोहाचे नाव होते गाब्रिएल मालाग्रिदा. हा इटलीत जन्मलेला जेझुइट. ब्राझीलच्या जंगलांत अनवाणी फिरून धर्मप्रचार केलेला, लोक संत मानत असा म्हातारा. १७५६ साली त्याने भूकंपाच्या खऱ्या कारणावर एक पुस्तिका छापली. धूमकेतू नव्हे, वाफा नव्हेत, निसर्ग नव्हे. कारण आपली पापे, असा त्याचा डांगोरा होता. पापांची यादीही होती: नाटके, संगीत, नाच, बैलांच्या झुंजी. इतकेच लिहून तो थांबता तर बिघडले नसते. लोकांनी झोपड्या आणि घरे बांधण्याची धावपळ करण्यापेक्षा एकांतात बसून प्रायश्चित्त घ्यावे, असा त्याचा आग्रह होता. हिवाळा सुरू होता. लोक उघड्यावर होते.

त्याच्यासमोर उभा होता राजाचा मंत्री सेबास्तियाँव जोसे द कार्व्हाल्यु. पुढे पोम्बालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्ध झाला तोच. आता काय करायचे, असे राजाने विचारल्यावर 'मेलेल्यांना पुरा आणि जिवंतांना खायला घाला' असे तो म्हणाला, अशी आख्यायिका आहे. शब्द त्याचे असोत वा दुसऱ्या कोणाचे, कृती त्याच धर्तीची झाली. प्रेते सडून साथ येऊ नये म्हणून धर्मगुरूंची परवानगी काढून ती नावांत भरली आणि वजने बांधून समुद्रात सोडली. धान्याचे भाव बांधून दिले. लुटारूंसाठी चौकाचौकांत फाशीचे खांब उभे केले. आणि मग त्याने केलेली एक गोष्ट मला शिक्षक म्हणून फार आवडते: देशातल्या सगळ्या धर्मग्रामांना त्याने प्रश्नपत्रिका पाठवली. प्रश्न तेरा. धक्का किती वाजता बसला, किती वेळ टिकला? कोणत्या दिशेने जास्त जाणवला? घरे किती पडली, माणसे किती मेली? समुद्र आधी चढला की उतरला? विहिरी-झऱ्यांत काय फरक पडला? जमिनीला भेगा गेल्या का, त्यांतून काही निघाले का? उत्तरे लिहायची होती त्या त्या गावच्या पाद्र्यांनी, आणि त्यांनी ती लिहिली. जे हात व्यासपीठावरून पाप दाखवत होते त्यांनाच विहिरीची खोली मोजायला लावली! भूकंपशास्त्राचा आरंभ सांगताना आजचे शास्त्रज्ञ या कागदांचे नाव घेतात.

पोम्बाल संत नव्हता. तसे समजून कोणी वाचू नये. त्याने मालाग्रिदाला आधी राजधानीबाहेर घालवले. १७५८ साली राजावर गोळी झाडली गेली, तेव्हा त्या निमित्ताने त्याने ताव्होरा या बड्या घराण्याचा निकाल लावला. या घराण्याचा मुख्य म्हणजे १७५० ते १७५४ गोव्यात व्हाइसरॉय असलेला ताव्होराचा मार्क्विस. त्याची पत्नीही त्याच्याबरोबर गोव्याला आली होती, आणि परतल्यावर मालाग्रिदा तिचा अध्यात्मगुरू झाला होता. १३ जानेवारी १७५९ रोजी दोघांना मुलांसह लिस्बनजवळ बेलेमला देहान्त शासन झाले. त्याच वर्षी जेझुइटांना पोर्तुगालच्या साऱ्या मुलखातून हाकलले. गोव्यातील जेझुइटही धरले गेले. आणि १७६१ च्या सप्टेंबरात, बहात्तर वर्षांच्या, बुद्धी चळलेल्या मालाग्रिदाला पाखंडी ठरवून रोसियूच्या चौकात गळा आवळून मारले आणि जाळले. देव शिक्षा करतो असे सांगणाऱ्या म्हाताऱ्याला शिक्षा केली ती निसर्गाची कारणे शोधणाऱ्या मंत्र्याने. ही हकीकत वाचल्यावर मी दोन दिवस काही लिहू शकलो नाही.

इकडे जिनीव्हाजवळ राहणाऱ्या व्होल्तेरला नोव्हेंबरअखेर बातमी कळली. त्याने लगोलग एक दीर्घ काव्य लिहिले. त्याचा मारा मुख्यत्वे लाइब्निट्सच्या पक्षावर होता: सगळे ठीक चालले आहे म्हणणाऱ्यांनो, या आणि ही मुले पाहा, लंडन-पॅरिसपेक्षा लिस्बनची पापे जास्त होती काय? पुढे १७५९ साली 'कांदीद' या गोष्टीत त्याने त्याच मताची अशी टर उडवली की आजतागायत लाइब्निट्सचे नाव काढले की लोक त्या गोष्टीतल्या वेड्या गुरुजींचीच आठवण काढतात. थोर गणितज्ञाचे हे दुर्दैवच.

व्होल्तेरला उत्तर दिले ते रूसोने, १८ ऑगस्ट १७५६ च्या पत्रात. रूसो घड्याळजीचा मुलगा, गरीब आणि आजारी. व्होल्तेर श्रीमंत आणि कीर्तिमान. पत्रात त्याने हे टोचून दाखवलेच: सगळे काही मिळालेला तू रडतोस आणि काही न मिळालेला मी आशा धरतो! पण पत्रातला खरा मुद्दा याहून साधा आहे. सहा-सहा सात-सात मजल्यांची वीस हजार घरे एका जागी दाटीने निसर्गाने रचली नव्हती. माणसे विखरून, हलक्या घरांत राहत असती तर नुकसान थोडके झाले असते. आणि कितीतरी लोक मेले ते कपडे, कागद, पैसे आणायला परत घरात शिरले म्हणून. ऑगस्टीनचे जुने म्हणणेच हे, की वाईट माणसाच्या इच्छेतून येते. पण रूसोने ते आदामाच्या बागेतून उचलून गवंड्याच्या ओळंब्यापाशी आणले.

हे वाचताना मला आमच्याकडची माळवदे आठवली. दोन-दोन अडीच-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर मातीचा थर, दर पावसाळ्यापूर्वी त्यात आणखी माती. उन्हाळ्यात गारवा, आणि त्या पहाटे मरण. किल्लारीचा धक्का जगातल्या मोठ्या धक्क्यांत मोडत नाही. माणसे मारली ती भिंतींनी. पण भिंती तशा का होत्या? सिमेंट-लोखंड परवडत नव्हते म्हणून. गरिबीला पाप म्हणायचे की काय? रूसोचे पत्रही माझ्या आत्यापर्यंत येऊन थांबते.

लिस्बनमध्ये ते थांबले नाही, हे मात्र खरे. ऐंशीच्या घरात आलेला मानुएल द माया हा इंजिनीअर पडक्या बुरुजातून राज्याचे जुने कागद वाचवून आला आणि मग त्याने नव्या शहराचे आराखडे मांडले. रुंद सरळ रस्ते, बेताची उंची, आणि भिंतींच्या पोटात लाकडाचा पिंजरा, म्हणजे जमीन हलली तर घर डुलेल, फुटणार नाही. त्या पिंजऱ्याचा नमुना चौकात उभा करून भोवती सैनिकांना पाय आपटीत चालवून तपासला असे सांगतात. तो भाग आजही उभा आहे. कार्मो मठाचे चर्च मात्र तसेच बिनछपराचे ठेवले आहे. माझ्या पुस्तकातल्या चित्रासारखे.

आता या सगळ्या वादात मला एक गोष्ट सर्वांत नवलाची वाटली. शिक्षेचे उत्तर देणाऱ्या दोन्ही पक्षांच्या हाती एकच ग्रंथ होता, आणि त्या ग्रंथात ते उत्तर निदान तीनदा नाकारलेले आहे. ईयोबाच्या पुस्तकात निर्दोष माणसाची मुले घर कोसळून मरतात. मित्र येऊन सांगतात, तू काहीतरी पाप केले असशील. आणि शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर, देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणूस पाहून शिष्य विचारतात, पाप याचे की याच्या आईबापांचे? येशू म्हणतो, दोघांचेही नाही. आणि लूकच्या तेराव्या अध्यायात तर बुरूज पडल्याचीच गोष्ट आहे. शिलोह येथे बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती इतरांपेक्षा अधिक पापी होती असे समजता काय, असे विचारून येशू स्वतःच 'नाही' म्हणतो. पश्चात्ताप करा, हे तो पुढे सांगतो. पण ते ऐकणाऱ्या जिवंतांना. मेलेल्यांचा हिशेब तो मांडत नाही. मालाग्रिदाने आणि वेस्लीने हा अध्याय किती वेळा वाचला असेल! पण ढिगाऱ्यापुढे उभे राहिल्यावर तो आठवत नाही असे दिसते.

मग ख्रिस्ती माणसाजवळ उरते काय? कारण उरत नाही, क्रूस उरतो. देव वरून पाहत नव्हता, तो स्वतःच खिळ्यांवर होता, असे ते मानतात. विसाव्या शतकात दोन महायुद्धे आणि यहुद्यांचा संहार पाहिल्यावर जर्मनीतील मोल्टमानसारख्या धर्मपंडितांनी यावरच भर दिला. स्वतः मोल्टमान तरुणपणी युद्धकैदी होता. हे दुःखाचे स्पष्टीकरण नव्हे, सोबत आहे. मी त्या धर्माचा नाही, तेव्हा ती सोबत किती खरी हे मला सांगता येणार नाही. पण आपल्या पंडिता रमाबाईंकडे पाहिले की वाटते, काहीतरी असले पाहिजे. दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण अन्नावाचून गेली. १८८३ साली त्या ख्रिस्ती झाल्या. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली-विधवांना घेऊन आल्या. केडगावला त्यांच्यासाठी 'मुक्ती' उभी राहिली. दुष्काळ देवाने का पाडला, हे त्या मुलींना पटवून देण्यात त्यांनी दिवस घालवले नाहीत; मुलींना जेवू घातले आणि लिहावाचायला शिकवले.

तर त्या सिस्टरचे उत्तर. आत्याने हात धरून विचारले तेव्हा मी तिथेच पत्र्याला टेकून उभा होतो. सिस्टर बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला माहीत नाही, आक्का." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. पाण्याचा टँकर आल्याची ओरड झाली तशी त्यांनी आत्याची रिकामी घागर उचलली आणि दोघी रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. नंतर कारणे सांगायला कितीतरी लोक आले. आत्याला आठवते ती मात्र ही बाई.

आत्या आता पंचाहत्तरीला आली आहे. सरकारने बांधून दिलेल्या नव्या घरात राहते. दर अनंत चतुर्दशीला आम्ही तिच्याकडे जातो. यंदा जेवणे झाल्यावर मी तिला लिस्बनची गोष्ट सांगितली. राजा, मंत्री, म्हातारा पाद्री, व्होल्तेर, रूसो, सगळे सांगितले. तिने सुपारी कातरत शांतपणे ऐकून घेतले.

"अन् लेकरं किती गेली रे त्या गावातली?" तिने विचारले.

मी पिशवीतून पुस्तक काढून पुन्हा चाळले. त्यात नावे सगळी मोठ्या माणसांचीच होती.